आधी सासूबाईंनी चाखायचं

२९ जानेवारी १९८३, शनिवार

आज सासूबाई राहायला आल्या. एक बॅग, एक उशी, स्वतःचा कॉफीचा कप आणि प्लास्टरमध्ये अडकलेला उजवा हात. लाकडांच्या शेडकडे जाताना बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघेपर्यंत शेतावर एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरने बजावलंय. मग जाणार कुठे? एकुलता एक मुलगा आर्विड आणि त्याची एकुलती एक बायको मी.

मनातलं तोंडाने बोलले तर या घरात रोज भांडण होईल, म्हणून इथे लिहून काढते. मला इटालियन शिव्या येतात, पण त्या सासूबाईंना आता समजायला लागल्या आहेत.

आल्या आल्या कॉफी दिली. एक घोट घेऊन म्हणाल्या, "कपबशा विसळल्या होत्यास का यात?" मग स्वतः उठून डाव्या हाताने किटलीत आणखी दोन चमचे पूड घातली. आर्विडने तो काढा मुकाट्याने प्यायला. आईसमोर तो नेहमीच मुका असतो, माझ्यासमोर फक्त अर्धा दिवस.

हात मोडला ते एक वेळ ठीक. पण फेब्रुवारीतलं हॉलचं जेवण तोंडावर आलंय. तळ्यातला बर्बट मासा ऐन थंडीत किनाऱ्याजवळ येतो, तेव्हा अख्खं गाव फिनिश लोकांच्या हॉलमध्ये जमून मोयाका, म्हणजे माशाचं दुधातलं कालवण, खातं. हंडा सासूबाईंचा, हात सासूबाईंचा. यंदा हात नाही. म्हणून हॉलच्या मंडळाने एकमताने ठरवलं की हंडा मी चढवायचा आणि सासूबाईंनी शेजारी खुर्ची टाकून सांगायचं. मी कोण? तर खाणीतल्या बेनेदेत्तीची मुलगी लोरेटा, जिच्या माहेरी प्रत्येक पातेल्यात टोमॅटो आणि लसूण.

हॉलचा नियम असा, की रांधणारीने चाखायचं नाही. सगळ्यांत वडील बाईने सगळ्यांसमोर पहिला चमचा घ्यायचा आणि म्हणायचं, "खाण्यासारखं आहे." मगच वाढायला सुरुवात. फिनिश लोकांत यापेक्षा मोठं कौतुक अस्तित्वात नाही. पूर्वी तो मान इम्पीआजींचा होता. त्या उन्हाळ्यात वारल्या, आता मान सासूबाईंचा.

लग्नाला वीस वर्षं होतील. माझ्या हातच्या एकाही पदार्थाला सासूबाई हे दोन शब्द म्हणालेल्या नाहीत. यंदा सगळ्या गावासमोर म्हणावे लागतील, नाहीतर हंडा मंडळातल्या सायमाकडे जाईल. सायमा त्यात कॉर्नफ्लोअर घालते. मला ते दोन शब्द हवेत. लहान मुलीसारखे हवेत. इथे लिहायला काय लाजायचं?

३१ जानेवारी, सोमवार

सगळी कपाटं पुसून काढली. पुसायची गरज नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तू बसत का नाहीस गं? तुझ्याकडे बघून मला चक्कर येते."

२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली तालीम. आर्विडने संध्याकाळी तळ्यावरच्या बर्फात पाडलेल्या भोकातून दोन बर्बट आणले. तो काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. पहाटे निघतो, तिसऱ्या प्रहरी मोकळा होतो आणि मग सरळ तळ्यावर.

बर्बटचं रूप सांगायचं तर पुढून बेडूक, मागून वाम आणि हनुवटीला एकच मिशी. शहरातून येणारे गळवाले त्याला बर्फावर फेकून देतात. त्यांना कोण सांगणार! डोक्यामागे कातडीला गोल काप द्यायचा, डोकं फळीला ठोकायचं आणि पकडीने कातडी मोज्यासारखी ओढून काढायची. आतला मासा पांढराशुभ्र. कल्ले काढून डोकी, कांदा आणि मिरीसारखे दिसणारे ऑलस्पाइसचे दाणे उकळायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात बटाटा, बटाटा शिजत आला की मासा, वेगळं गरम केलेलं दूध आणि साय, वर लोणी, शेवटी माशाचं यकृत. आणि ढवळायचं नाही. चमचा घातला की माशाचा चुरा होतो आणि बटाट्याची लापशी. पातेल्याचे दोन कान धरून हलवायचं, पाळण्यासारखं.

इतकं मला न सांगताही येत होतं. तरी सासूबाईंनी प्रत्येक पायरीवर टोकलं. दुधाची बाटली उघडली तर म्हणाल्या, "वास घे."

"आजचंच आहे, आई."

"तू घे वास. मला सांग कसं आहे."

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे? गोडसर, की गोठ्यासारखं?"

शाळेत तोंडी परीक्षा असते ना, तशी. माझ्या नाकाचीही आता परीक्षा!

जेवायला बसलो. त्यांनी चमचा तोंडात धरून ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी आहे."

आर्विड दुसऱ्यांदा वाढून घेत होता. तो थांबला, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "थोडं मीठ चालेल." भित्रा मेला. मी मीठ घातलं.

"अजून."

अजून घातलं.

"तुझ्या हाताला काय झालंय? मीठच सुटत नाही."

नोव्हेंबरात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यातून उठल्यापासून तिरसटपणा दुप्पट झालाय. ताप गेला तो इतर सगळं घेऊन आणि हे ठेवून.

५ फेब्रुवारी, शनिवार

घरात जीव गुदमरायला लागला म्हणून मीच तळ्यावर गेले. गोठलेल्या पाण्यावर आर्विडच्या भोकाशेजारी ओन्नीची मासे धरायची लाकडी टपरी आहे. ओन्नी हॉलचा अध्यक्ष, जाळी विणणारा, आणि गावातला एकमेव फिनिश माणूस जो विचारल्याशिवाय बोलतो.

"ये, ये लोरेटा! सासूने हाकललं की तू पळालीस?"

"दोन्ही."

त्याने मला गळाची दोरी दिली. सूर्य झाडांच्या मागे जात होता आणि भोकातलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. दोरीला ओढ लागली. दगड ओढावा तशी मी ओढत बसले आणि वर आला तो दंडाएवढा बर्बट. गळ काढायला धरला तर त्याने शेपटीचा विळखा माझ्या मनगटाला घातला. मी किंचाळले. दोन्ही पुरुष हसून लोळले.

"आवडलीस तू त्याला," ओन्नी म्हणाला. "तुझ्या सासूला विळखा घालायला कुठला मासा धजतोय! तिचे तर हातच काय, जीभसुद्धा..." मग तो थांबला. त्याने तंबाखूची गोळी इकडून तिकडे केली. "ख्रिसमसच्या जेवणाला तू आली नव्हतीस ना?"

"माहेरी होते. का?"

"काही नाही. रात्रभर पाणी पीत होतो सगळे. अख्खं गाव. तळं रिकामं व्हायचं बाकी होतं."

"खारट झालं होतं? मग बोलला का नाहीत?"

ओन्नीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शीळ घातली. "तुझ्या सासूने, हिल्याने, चमचा घेतला आणि म्हणाली, खाण्यासारखं आहे. त्यावर कोण बोलणार?"

म्हणजे स्वतः रांधलं तर खारटसुद्धा खाण्यासारखं, आणि मी रांधलं की पाणी. रागाने कान तापले. त्या थंडीत तेवढाच माझा गरम भाग.

६ फेब्रुवारी, रविवार

दुसरी तालीम, माझ्या स्वतःच्या माशाची. मला वाटत होतं की स्वतः धरलेल्या माशाची चव वेगळी लागेल, आणि लागलीच. गोड, घट्ट, खेकड्याच्या जवळ जाणारी. यकृत जिभेवर विरघळत होतं. आर्विड डोळे मिटून खात होता.

सासूबाई: "मीठ नाही, मिरी नाही, काहीच नाही."

झोप नाही. कुशी बदलून बदलून चादर गोळा झाली.

९ फेब्रुवारी, बुधवार

हॉलचा मोठा हंडा आणायला सासूबाईंना घेऊन शेतावर गेले. जुन्या लाकूडतोड्यांच्या छावणीतला हंडा आहे. एक कान मी धरायचा, एक दुसऱ्याने, तेव्हा हलतो.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि मी तशीच मागे सरले. गॅसचा भपकारा! शेगडीचं एक बटण जेमतेम उघडं राहिलेलं. सासूबाई मात्र सरळ आत गेल्या, कोट काढून खुंटीला लावला आणि खिडकीतल्या रोपाला हात लावून म्हणाल्या, "वाळलं बिचारं. आर्विडला सांगितलं होतं पाणी घाल म्हणून."

"आई! गॅस!" मी आधी शेगडीचं बटण बंद केलं, मग खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. अंगणात बर्फात उभ्या राहून त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं आता तरी कबूल करतील की चुकलं. तर म्हणाल्या, "वारा येत होता, म्हणून लक्षात आलं नाही."

कुठला वारा? सगळ्या खिडक्या आणि दारं बंद होती! स्वतःची चूक कबूल करायची नाही म्हणून विषारी हवेत उभी राहील, पण मान खाली घालणार नाही, अशी ही बाई आहे. हंडा कसाबसा गाडीत घालून परतलो. गाडीतून उतरताना म्हणाल्या, "आर्विडला सांगू नकोस."

नाही सांगितलं. का ते मलाही कळलं नाही. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, विनंतीसारखं. पण सासूबाई विनंती करत नाहीत, तेव्हा माझाच भास असेल.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी एक लबाडी केली आणि मला तिचा जराही पश्चात्ताप नाही.

तिसऱ्या तालमीत मी लसूण घातला. एक-दोन नाही, चार पाकळ्या, लोण्यात परतून. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मागच्या अंगणात लसूण सोलत होते, तर या बाई पुढच्या दारातून "काय मेलंय इथे?" म्हणून ओरडत आल्या होत्या. तेव्हापासून या घरात लसूण बंद. मी माहेरी जाऊन खाते आणि परत येताना खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवते.

वाडगा समोर ठेवला. आर्विडने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, त्याच्या भुवया केसांत गेल्या. मी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

सासूबाईंनी चमचा तोंडात घातला. दुसरा घातला. सगळा वाडगा संपवला. मग म्हणाल्या, "मागच्यासारखंच. मीठ घाल."

मला आधी हसू फुटलं, मग ते गिळलं, मग राग आला. म्हणजे इतकी वर्षं सगळं नाटक होतं! लसणाचा वास, टोमॅटोने पोट बिघडणं, सगळं. त्यांना लसणाचं वावडं नव्हतंच, माझंच होतं. आता मला पुरावा मिळाला.

आर्विडला खोलीत गाठून म्हटलं, "बघितलंस? तुझ्या आईला लसूण चालतो."

तो पलंगावर बसून एक मोजा हातात घेऊन राहिला. "विचित्र आहे," म्हणाला. एवढंच. मोजा कितीतरी वेळ हातात होता.

१२ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाई हॉर्सरॅडिशच्या झणझणीत चटणीची बरणी पुढ्यात घेऊन चमच्याने नुसतीच खात होत्या. मी खाल्ली तर मोहरी नाकात गेल्यासारखं होईल. त्यांचे डोळे वाहत होते आणि तरी पुढचा चमचा. माझ्या जेवणापेक्षा हे जहर बरं, असं दाखवायचं असेल. मला पाहून बरणी बंद केली, पदार्थ चोरताना पकडलेल्या पोरासारखी.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

आज भांडण झालं. व्हायचंच होतं.

शेवटची तालीम. मी ठरवलं की त्या सांगतील तितकंच मीठ घालायचं, अगदी शब्दाला शब्द. "अजून" म्हटलं की अजून. त्या "हं" म्हणेपर्यंत घातलं. आर्विडने एक चमचा घेतला आणि उठून नळाखाली तोंड धरलं. कुत्र्याला घातलं, तो बिचारा वाडग्याभोवती फिरून माझ्याकडे बघत राहिला.

"आई, हे कुत्रासुद्धा खात नाही!"

"मग कुत्र्यालाच विचारून रांध."

"तुम्हाला हवंय तरी काय? हॉलमध्ये माझी फजिती? स्पष्ट सांगा ना! मी हंडा सायमाला देते, तुमच्याही मनासारखं होईल."

त्या उठल्या. एका हाताने खुर्ची सरकवायला त्रास होतो त्यांना, पण मदत घेत नाहीत. "हंडा सायमाला द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ती चाखत नाही, पाकिटावरचं वाचते. तुला जीभ आहे."

"जीभ आहे? मग सारखं पाणी आहे, पाणी आहे, का म्हणता?"

त्या वळल्या. खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"तुला जीभ आहे" म्हणजे मी उलट बोलते, असंच म्हणायचं असणार. दुसरं काय?

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या जेवण. ओन्नीच्या माणसांनी आज बर्फाखाली जाळी टाकली आहेत, सकाळी मासे येतील. बटाटे सोलून पाण्यात ठेवले. मग पाणी बदललं. मग परत बदललं.

एकच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय. उद्या मीठ कुणाच्या जिभेने घालायचं? त्यांच्या सांगण्याप्रमाणे घातलं तर त्या दोन शब्द म्हणतील, आणि गाव पुन्हा रात्रभर पाणी पिईल आणि गप्प बसेल. माझ्या जिभेने घातलं तर मासा माशासारखा लागेल, आणि त्या सगळ्यांसमोर "पाणी आहे" म्हणून चमचा खाली ठेवतील. शिवाय माझ्या जिभेने घालायचं तर चाखावं लागेल, आणि रांधणारीने चाखायचं नसतं.

वीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते उद्या मूठभर मिठात विकत मिळतायत. घ्यावेत का? आर्विडला विचारलं तर म्हणाला, "तुला जे बरं वाटेल ते कर." यासाठी नवरा करायचा!

१९ फेब्रुवारी, शनिवार

 सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी मासे आले, टोपल्याच्या टोपल्या. आठ-दहा बायका फळ्यांवर कातडी ओढत बसल्या. हॉलच्या लाकडाच्या चुलीवर हंडा चढला. सासूबाई शेजारी खुर्चीत, निळा चांगला पोशाख, प्लास्टरवर शाल. डोक्यांचं पाणी गाळलं, बटाटा गेला, मासा गेला, दूध-साय गेली. एक कान मी धरला, एक आर्विडने, आणि हंडा हळूहळू हलवला. वरती लोणी पसरत गेलं, पिवळी नाणी एकमेकांत मिसळावीत तसं.

"मीठ," सासूबाई म्हणाल्या.

मी घातलं, बेताने.

"अजून."

मी डब्यात हात घातला, मूठ भरली, हंड्यावर हात नेला आणि मूठ तशीच मिटलेली परत आणून ॲप्रनच्या खिशात रिकामी केली. त्या माझ्या हाताकडेच बघत होत्या. दिसलं नसेल असं होणंच शक्य नाही. पण बोलल्या नाहीत.

मग पाव आणायच्या निमित्ताने कोठीत गेले. बाहीत एक चमचा लपवला होता, आणि झाकण उघडं असताना भरून घेतलेली वाटी फडक्याखाली. दाराकडे पाठ करून चाखलं. मला रडू आलं, इतकं छान झालं होतं. मागे खुर्ची करकरली, पण वळून पाहायचं धाडस झालं नाही.

हॉल भरला. बाकांवर माणसं, भिंतीला टेकून माणसं, ओले कोट, गरम काळा पाव. ओन्नीने दांड्याने झाकणावर ठोकलं, सगळे गप्प झाले. सासूबाई उठल्या. मी वाडगा पुढे केला. डाव्या हाताने त्यांनी चमचा भरला, तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. त्यांचे डोळे भिंतीकडे गेले, मग छताकडे. मग माझ्याकडे.

सगळा हॉल वाट पाहतोय. लाकूड चुलीत तडतडतंय.

"तू चाखलंस," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सायमाने तोंडावर हात धरला. माझ्या मानेपासून कपाळापर्यंत रक्त चढलं. खोटं बोलता आलं असतं, पण जीभ वळेना. "हो," म्हटलं.

"मग यांना तूच सांग."

आणि चमचा माझ्या हातात देऊन खाली बसल्या.

मी उभी राहिले. वाटलं, चमचा टाकावा आणि बर्फातून चालत माहेरी जावं. पण इतकी माणसं उपाशी, आणि मोयाका थंड होत होता. "खाण्यासारखं आहे," मी म्हणाले. आवाज कोणा भलत्याच बाईचा वाटला. ओन्नी क्षणभर सासूबाईंकडे बघत राहिला. त्यांनी मान हलवली. मग त्याने झाकण उचललं.

लोकांनी खाल्लं. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. ओन्नी हंड्याचा तळ पावाने पुसत होता. सायमासुद्धा म्हणाली की वाईट नाही. सगळ्यांनी माझं नाव घेतलं, आणि मला त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. ज्यांच्याकडून हवं होतं त्यांनी सगळ्या गावासमोर मला चोर ठरवलं आणि ते दोन शब्द माझ्याच तोंडून वदवून घेतले. त्यांना ते उच्चारणंही जड गेलं. इतका तिरस्कार? मी काय केलंय त्यांचं?

 सोमवारी त्यांना शेतावर सोडून ये, असं मी आर्विडला सांगणार आहे. प्लास्टर गेलं खड्ड्यात.

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळी उरलेली साय आणि दूध लापशीसाठी चुलीवर ठेवलं. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, चुलीकडे पाठ, खिडकीबाहेर बघत.  फोन वाजला. सायमा. तिला यकृत कधी घालायचं ते विचारायचं होतं, म्हणजे खरं तर कालच्या प्रकाराबद्दल. मी पुढच्या खोलीत तारेला विळखे देत बोलत राहिले.

वासाने भानावर आले. दूध करपल्याचा, घशात बसणारा वास. फोन टाकून धावले आणि दारात थांबले.

दूध उतू जाऊन चुलीवर काळं झालं होतं. निळा धूर टेबलापर्यंत आला होता, सासूबाईंच्या डोक्यावरून, खांद्यांवरून पुढे जात होता. आणि त्या बसल्या होत्या. डावा हात टेबलावर, नजर खिडकीबाहेरच्या पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यावर. एक चिमणी आली होती आणि त्या तिच्याकडे पाहून हसत होत्या. धूर डोळ्यांसमोर आला तेव्हा कुठे दचकल्या, वळल्या आणि मला दारात पाहिलं.

मला सगळं एकदम कळलं. पातेलं ओढून बाजूला केलं, खिडकी उघडली. हात पोळला, तेही नंतर कळलं.

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही."

त्या शाल सावरत राहिल्या.

"चवही लागत नाही."

"नोव्हेंबरपासून," त्या म्हणाल्या. "तापातून उठले आणि कॉफी प्यायले, तर गरम पाणी. वाटलं पूड जुनी असेल. नवीन आणली. मग वाटलं, येईल परत."

"ख्रिसमसला..."

"ख्रिसमसला अंदाजाने घातलं. त्यांनी खाल्लं. कोणी काही बोललं नाही." त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. "मी त्यांची तोंडं बघत होते. सगळे पाण्याचा जग एकमेकांना देत होते. तेव्हा कळलं."

"मग मला सांगायचं ना! मी मेली रोज तुमच्या तोंडाकडे बघून मरत होते!"

"काय सांगणार होते? हात मोडला तर प्लास्टर दिसतं, लोक दार उघडून देतात. याला काय दाखवणार? या गावात मला कशासाठी ओळखतात? मी कोणाशी दोन गोड शब्द बोललेय का कधी?"

"नाही," मी म्हणाले. खरं होतं ते.

"रोज वाटायचं, आज लागेल. तू चमचा पुढे करायचीस आणि वाटायचं, अजून थोडं मीठ, मग लागेल. काल तुझी मूठ खिशात गेलेली बघितली. कोठीत तुझी पाठ बघितली. तू चाखलंस आणि तुझे खांदे खाली आले. तेव्हा ठरवलं, ज्याला माहीत आहे त्याने सांगावं. मी खोटं कशाला सांगू? तुलाही ते खोटंच वाटलं असतं."

मी त्यांच्यासमोर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसले असेन. रडत होते, लपवलं नाही.

"मी लसूण घातला होता," म्हटलं. "गेल्या आठवड्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"चार पाकळ्या."

"सैतान!" असं म्हणून त्या हसायला लागल्या. डाव्या हाताने टेबल बडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आर्विड कोठाराकडून धावत आला. त्याने धूर पाहिला, हसणारी आई पाहिली, रडणारी बायको पाहिली आणि पुन्हा बाहेर गेला.

३ मार्च, गुरुवार

प्लास्टर निघालं. हात आतून बारीक आणि पांढरा झालाय. आर्विडने दुपारी ट्रक दारात आणून बॅग मागे ठेवली. मी जाऊन बॅग उतरवली. तो म्हणाला, "आता काय?" मी म्हटलं, "ती गॅसची शेगडी तिथे असेपर्यंत तुझी आई त्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि शेगडी काढलीस तरी घाई नाही." मग त्याला सगळं सांगितलं. तो ट्रकच्या पायरीवर बसून राहिला. त्याला लसणाच्या दिवशीच शंका आली होती म्हणे. मला सांगायचं सुचलं नाही! फिनिश माणूस.

संध्याकाळी तो एक बर्बट घेऊन आला. मोसमातला शेवटचा, बर्फ आता काळा पडतोय. छोटं पातेलं चढवलं. एक कान मी धरला, दुसरा सासूबाईंनी, नव्या पांढऱ्या हाताने. जोर नव्हता, पण लय बरोबर होती.

जेवायला बसलो. त्यांनी वाडग्यात बघितलं, चमचा घेतला नाही. मीही घेतला नाही. मग मी एक घास खाल्ला आणि मला काय लागतंय ते बोलायला लागले. सुरुवातीला वेड्यासारखं वाटलं.

"मासा गोड आहे आज. पण साखरेसारखा नाही, आत्ताच काढलेल्या मक्यासारखा. दूध मागून येतंय, जरा उशिरा. ऑलस्पाइसचा एक दाणा दाताखाली आला, लवंगेसारखा ऊब देऊन गेला."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि पहिला चमचा तोंडात घातला.

"यकृत लोण्यापेक्षा मऊ आहे, पण शेवटी किंचित कडू. चांगलं कडू. बटाट्याने सगळं धरून ठेवलंय. आणि मीठ..."

"मीठ?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"मीठ बरोबर आहे, आई. तळ्यावरचा वारा ओठांना लागतो ना, तितकंच."

त्यांनी घास गिळला. दुसरा चमचा भरून तोंडाजवळ आणून थांबल्या. "थांबलीस का?" म्हणाल्या. "बोल पुढे."